तीनशे अकराचं लॉगबुक

माणिकराव सर विचारत विचारत धामणगाव बढ्याच्या बाजारामागे पोचले, तेव्हा शेषराव एका ऑइल इंजिनाचं हेड उघडून बसले होते. हात कोपरापर्यंत काळे. पाहुणा दारात उभा राहिला तरी ते उठले नाहीत.

"मी बुलढाण्याच्या कॉलेजातून आलोय. एन.सी.सी. माझ्याकडे आहे," सर म्हणाले. "तुम्ही हवाई दलात होतात असं कळलं."

"होतो. पाच वर्सं झाले सोडून."

"रिगर होतात ना?"

शेषरावांच्या हातातला पाना थांबला. मुलखात परतल्यापासून तो शब्द त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. विमानाचं इंजिन दुसऱ्याचं. पंख, तारा, शेपूट, सुकाणू आणि त्या सगळ्याला पायलटच्या हातापायांशी जोडणाऱ्या केबली, हे सगळं रिगरचं. पंधरा वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं.

सरांनी येण्याचं कारण सांगितलं. चीनच्या लढाईनंतर कॉलेजांतून एन.सी.सी. सक्तीची होऊ लागली होती. बुलढाण्याच्या मुलांना शिकवायला सरकारने एक निवृत्त विमान दिलं होतं. ते उडवायचं नव्हतं, नुसतं दाखवायचं होतं. मलकापूर स्टेशनात मालगाडीतून उतरलं, ट्रकने राजूरचा घाट चढून वर आलं आणि आता कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये सुटं पडलं होतं. पंख एकीकडे, शेपूट एकीकडे, मध्ये तारांची भेंडोळी. कुठली तार कुठं लावायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कोणतं जहाज?" हवाई दलात विमानाला जहाजच म्हणत.

"टायगर मॉथ. एकावर एक असे दोन पंख असतात ते."

शेषरावांनी मान खाली घातली आणि नट फिरवायला घेतला. "जमणार नाही सर. मले टाइम नाही."

सर थोडा वेळ थांबले, चहा घेतला आणि पाचच्या गाडीने परत गेले.

शेषरावांच्या पत्नी शालूबाई मळ्यातून वांग्यांची पाटी घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जेवताना त्यांनी विषय काढला.

"काऊन नाही म्हटलं?"

"टाइम नाही म्हटलं ना."

"त्या इंजिनाचं काम तर उद्या होऊन जाईन. पंधरा वर्सं त्याच जहाजाईची भाकर खाल्ली अन् आता एक जोडून द्या म्हटलं तं तुमाले घाम सुटला." त्यांनी ताटात भाजी वाढली. "मी काही शिकली नाही, पण आंधळी बी नाही. नोकरी सोडून आले तवापासून तुमी एका जागी बसत नाही. मेहकरच्या अंगाले तं पायच टाकत नाही. माह्या मावसबहिणीच्या पोरीचं लगन झालं, मी एकटी गेली. काय हाय तिकडं?"

"काही नाही."

"मंग जाऊन या बुलढाण्याले."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने शेषराव निघाले. घाटात गाडी वळणं घेत होती तेव्हा दोनदा त्यांना वाटलं, उतरून परत फिरावं. टायगर मॉथ काय, शेकड्यांनी होती. त्यातलं एखादं कुठलंही असेल, असं ते मनाशी म्हणत राहिले.

शेडचं दार उघडल्याबरोबर तो वास आला. पंखांच्या कापडाला ताठ करायला जे रोगण लावतात, त्याला अतिपिकलेल्या केळ्यांसारखा वास असतो. वर्षानुवर्षं तो कापडात राहतो. शेषराव सांगाड्याच्या कडेकडेने शेपटीपर्यंत गेले. पिवळ्या रंगावर काळा आकडा होता. एका बाजूने खरडला होता, तरी वाचता येत होता. ३११.

ते तिथेच एका लाकडी खोक्यावर बसले.

"बरं वाटत नाही का?" सरांनी विचारलं.

"घाटानं डोकं फिरलं जरासं," ते म्हणाले.

तीनशे अकरा त्यांच्याच हाताखालचं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत विलायतेहून पेट्यांतून सुटं आलं, आपल्याकडे जोडलं गेलं. त्याच्यावर किती पोरं उडायला शिकली याची गणती नव्हती. त्यातली काही ब्रह्मदेशावर गेली, काही फाळणीनंतर पलीकडच्या देशात. पुढे ते दक्षिणेतल्या एका प्रशिक्षण केंद्रावर आलं आणि शेषरावांच्या ताब्यात मिळालं. शांत जहाज होतं. चूक पोटात घालायचं, असं उडायला शिकवणारे उस्ताद म्हणत.

चौपन्न साली त्या केंद्रावर इंद्रभान नावाचा कॅडेट आला. एकोणीस वर्षांचा, मेहकरजवळच्या डोणगावच्या शेतकरी घरातला. मेसमध्ये कुणीतरी बोलता बोलता 'मले' म्हणालं, म्हणून शेषरावांनी मागे वळून पाहिलं तर तो. आपल्याच जिल्ह्याचा पोरगा म्हटल्यावर जीव लागला. इंद्रभान जहाजात बसण्याआधी त्यांच्याकडे बघायचा आणि विचारायचा, "ठीक हाय ना भाऊ?" ते अंगठा वर करायचे.

ऑगस्टातल्या एका सकाळी इंद्रभान एकटा उडणार होता. त्याच्या आधी उडालेल्या उस्तादाने तक्रार केली होती की डावा पेडल जरा सैल लागतो. पेडल म्हणजे सुकाणूचा. पाय दाबला की नळीतून शेपटीकडे गेलेली केबल ओढली जाते आणि शेपटीचं सुकाणू वळतं. शेषरावांनी केबल ढिली केली, मधला पेचाचा सांधा फिरवून पुन्हा ताणली. तो पेच आपोआप उलटा फिरू नये म्हणून त्याला बारीक तारेने बांधून टाकायचं असतं. तेवढ्यात हँगरमधून हाक आली, ते गेले, परत आले, फॉर्मवर सही केली. इंद्रभान मागच्या सीटवर चढला. एकट्याने उडताना या जहाजात मागेच बसायचं असतं. त्याने विचारलं, "ठीक हाय ना भाऊ?" त्यांनी अंगठा वर केला.

वीस मिनिटांनी उतरायला वळताना जहाज उजव्या पंखाकडे झुकलं. ते सरळ झालंच नाही. उजव्या चाकावर आपटलं, नाक जमिनीत घुसलं. इंद्रभान वाचला. उजवा हात कोपरात मोडला तो कायमचा वाकडा राहिला.

चौकशीत तो म्हणाला, "मी डावा पेडल दाबला, तो नुसताच आत गेला. खाली काही नव्हतंच." अधिकाऱ्यांनी तुटलेली केबल पाहिली आणि ती आपटल्यामुळे तुटली असं ठरवलं. कॅडेटने घाबरून चुकीचं वळण घेतलं, असा शेरा पडला. इंद्रभानला घरी पाठवण्यात आलं.

शेषरावांना दोन प्रश्न विचारले होते. पेचाला तार बांधली होती का? ते हो म्हणाले. खरं तर त्यांना आठवत नव्हतं. तेव्हाही नाही आणि नंतर नऊ वर्षांतही नाही. हात बांधतोय असं कधी डोळ्यांपुढे यायचं, कधी हँगरमधली हाक ऐकू यायची आणि पुढे काहीच नाही. दुसरा प्रश्न होता, कॅडेट कसा वाटला?

त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ते कधी मनातही पुन्हा म्हणत नसत.

चार दिवस शेषराव शेडमध्ये काम करत होते. सरांच्या ओळखीच्या घरी मुक्काम होता. मुलं भोवती जमायची, तारा धरायची, प्रश्न विचारायची. ते थोडक्यात उत्तर द्यायचे. वरचा पंख चढला, खालचा चढला, मधले खांब बसले. तारा एकेक ताणून ते बोटाने वाजवून पाहायचे. हात जुनं काम विसरले नव्हते. पण डोकं ठिकाणावर नव्हतं. पाना ठेवला कुठं ते विसरायचे, जेवायला बसून अर्ध्यात उठायचे. डाव्या पेडलच्या केबलीला मात्र त्यांनी हात लावला नाही. ती शेवटी ठेवली.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी सरांना विचारलं, "याच्यासंगं कागद आले असतीन ना? जहाजाचं लॉगबुक?"

"आलंय ना. कपाटात आहे. मला काही त्यातलं कळत नाही. पाहिजे का?"

एवढं सोपं होतं. चार दिवस ते कपाट वीस पावलांवर होतं.

निळ्या पुठ्ठ्याची जाड वही होती. कडा वाळवीने खाल्लेल्या. शेषराव ती घेऊन शेडच्या दाराशी उजेडात बसले. विमान जन्मल्यापासून त्याला काय काय झालं ते त्यात तारखेवार लिहिलेलं होतं. किती तास उडालं, कधी कापड बदललं, कुठल्या चाकाचा टायर फाटला. त्यातली काही अक्षरं त्यांच्या ओळखीची होती. काही पानांवर त्यांची स्वतःची सही होती. ऑगस्ट चौपन्नपाशी बोट थांबलं. त्यांची सही, आणि तिच्याखाली लाल शाईत: अपघात, दुरुस्तीसाठी रवाना.

पुढच्या पानावर दुसऱ्या गावच्या दुरुस्ती कारखान्याच्या नोंदी होत्या, नोव्हेंबरातल्या. उजवा खालचा पंख नवीन. चाकाचा पाया नवीन. आणि मग सुकाणूची डावी केबल. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. पेचाची तार जागेवर, शाबूत. केबल मागच्या नळीच्या आत झिजलेली, बहुतेक धागे आधीच तुटलेले आणि गंजलेले. बदलली.

गंज अपघातानंतरच्या तीन महिन्यांतला म्हणावा, तर बाकीची केबल स्वच्छ असल्याचंही त्याच ओळीत लिहिलं होतं. म्हणजे केबल आपटून तुटली नव्हती. ती हवेत तुटली होती. इंद्रभान म्हणाला तसंच झालं होतं. चौकशी सप्टेंबरात संपली होती. कारखान्यातल्या माणसाने पाहिलं ते लिहिलं, आणि ते कुणाला कळवावं असं कुणाला वाटलं नाही.

तार बांधली होती. आपण तार बांधली होती! शेषराव उठले, शेडमध्ये दोन फेऱ्या मारल्या. हलकं वाटायला हवं होतं. पण केबल ढिली केलीच होती त्या दिवशी, तर वीतभर ओढून नळीतला भाग पाहता आला असता. तेही घाईत राहिलंच. आणि त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत कुठंच नव्हतं.

"सर, या पानाची नक्कल पाहिजे. कॉलेजचा शिक्का मारून."

सरांनी कारण विचारलं. शेषरावांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, पण अर्धंच. सरांनी नक्कल करून प्राचार्यांची सही घेतली. तोवर शेषरावांनी राहिलेली डावी केबलही लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी ते चिखली, मेहकर करत डोणगावला उतरले. आठवडी बाजार होता. इंद्रभानचं घर विचारलं तर एका बाईने बोट दाखवलं. ओसरीत एक म्हातारी मिरच्यांची देठं काढत बसली होती. इंद्रभानची आई, कौशल्याबाई.

"कोण पाह्यजे?"

"इंद्रभान. मी त्याच्यासंगं नोकरीत होतो."

म्हातारीचे हात थांबले. "आतापर्यंत तिकडचं कोणी आलं नव्हतं," ती म्हणाली आणि आत हाक मारली.

इंद्रभान बाहेर आला. अठ्ठावीसचा असेल, पण कपाळावर केस विरळ झाले होते. वाकडा हात त्याने सदऱ्याला टेकवून धरला होता. ओळखायला त्याला क्षणभरही लागला नाही.

"भाऊ? तुमी?"

त्याने खाट टाकली, पाणी आणलं. शेषरावांनी बसल्या बसल्या नक्कल काढून त्याच्या हातात दिली. तो वाचू लागला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. संपल्यावर त्याने पुन्हा सुरुवातीपासून वाचलं.

"बाई," तो आईला म्हणाला, "माही चूक नव्हती."

"मी कवा म्हटलं होतं तुही चूक हाय म्हणून?"

"तू नाही. मीच म्हणत होतो." तो शेषरावांकडे वळला. "भाऊ, सहा महिने मी पक्कं सांगत होतो का पेडल खाली गेला. मंग वाटाले लागलं, एवढे मोठे साहेब खोटं कसं बोलतीन? माह्याच पायानं दगा दिला असन. आता इतक्या वर्सांनी मले खरंच आठवत नव्हतं का मी डावा दाबला का उजवा." त्याचे डोळे भरून आले होते. "तुमी मुद्दाम एवढ्या दूर आले. कोण करते हो एवढं?"

शेषराव तेव्हाच उठून गेले असते तर चाललं असतं. चहा आला होता. म्हातारी जेवून जा म्हणत होती. त्यांनी कप खाली ठेवला.

"इंद्रभान, अजून एक हाय. चौकशीत मले विचारलं, कॅडेट कसा वाटला. मी म्हटलं, भेलेला होता. हात कापत होते."

इंद्रभानने हातातली नक्कल खाटेवर ठेवली.

"तू भेलेला नव्हता. तू हसत होता. मले वाटलं माही तार राह्यली असन. माह्यावर येऊ नये म्हणून मी तसं म्हटलं. त्यानंच त्याईनं तुह्यावर शेरा मारला."

बाहेर बाजारात कुणीतरी भाव ओरडत होतं. कौशल्याबाईंनी मिरच्यांचं सूप बाजूला सारलं.

"जा तुमी," इंद्रभान म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी तुमाले विचारून जहाजात बसत होतो. जा."

शेषराव उठले. पायात चप्पल सरकवताना त्यांना ती सापडेना. ओसरीखाली उतरले तेव्हा मागून पुन्हा आवाज आला.

"थांबा. तोंडी नका सांगू मले. लिहून द्या. तवा काय म्हटलं अन् आता काय म्हणून राह्यले ते. सहीनिशी. मी दिल्लीले पाठवतो."

"देतो."

"तुमचं पेन्शन जाईन."

"माहीत हाय," शेषराव म्हणाले. खरं म्हणजे तोवर त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

मेहकरला पुढची गाडी मिळायला तीन तास होते. ते स्टँडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. चार पावलं टाकली की वाटे, पत्र लिहू नये. आणखी चार टाकली की वाटे, आत्ताच लिहून टाकावं.

घरी पोचल्यावर त्यांनी शालूबाईंना सगळं सांगितलं, या वेळी पूर्ण. त्या चुलीपाशी बसून ऐकत होत्या.

"त्या पोट्ट्याचं लगन झालं का?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"घरात सून दिसली नाही."

"अन् तुमी मले नऊ वर्सं सांगितलं नाही." त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "पेन्शन बंद झालं तं वांगे हायेत, मिरच्या हायेत, तुमचे इंजिनं हायेत. लिहा. पण आज जेवून घ्या पह्यले."

पत्र लिहायला तीन दिवस लागले. माणिकराव सरांनी त्याचं इंग्रजी केलं. शेवटी त्यांनी आपलंही नाव साक्षीदार म्हणून घातलं. एक प्रत दिल्लीला, एक इंद्रभानला.

त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. दर महिन्याला पेन्शन आणायला निघताना शेषरावांना वाटायचं, या वेळी ते बंद झालेलं असेल. पोस्टमन गल्लीत दिसला की ते काम सोडून दारात यायचे. चौकशीला बोलावतील, नागपूरला नेतील, कोर्टात उभं करतील. काहीच आलं नाही. जून गेला, पोळा गेला, दिवाळी गेली. त्या वाट पाहण्याने ते वाळले. शालूबाई म्हणाल्या, यापेक्षा शिक्षा झालेली बरी.

पुढच्या साली फेब्रुवारीत, दुपारी, दारात कुणीतरी उभं राहिलं. शेषराव पंपाचा वायसर कापत होते. वर पाहिलं तर इंद्रभान होता. हातात लांबट लिफाफा.

"आलं," तो म्हणाला.

पत्रात चार ओळी होत्या. जुना निष्कर्ष रद्द करण्यात येत आहे. अपघात यांत्रिक बिघाडामुळे झाल्याची नोंद घेण्यात आली आहे. वयोमर्यादेमुळे पुन्हा भरतीचा विचार करता येणार नाही. शेषरावांचं नाव त्यात कुठंच नव्हतं.

शालूबाईंनी खाट टाकली. इंद्रभान बसला, पाणी प्याला. शालूबाईंशी पीकपाण्याचं बोलला, आई बरी आहे म्हणाला. शेषरावांकडे त्याने पाहिलं नाही. चहा संपला तरी तो उठेना. कप हातात फिरवत राहिला.

"भाऊ, तुमाले माफ कराले नाही आलो मी," शेवटी तो म्हणाला. "ते होईन तं होईन. मले एक विचाराचं हाय. दुसऱ्या कोणाले विचारता येत नाही. केबल तुटली तवा मी दोनशे फुटांवर होतो. दुसरं काही करता आलं असतं का? कोणालेबी?"

शेषरावांनी हात पुसले. उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं, नाही, कुणालाच नाही. पण त्यांनी ते तसं दिलं नाही.

"वारा कुठून होता तवा?"

"उजवीकडून."

"इंजिनाची गती?"

"कमी केली होती. उतराचं होतं ना."

शेषराव अंगणात बसले आणि वायसरच्या कात्रीने मातीत एक रेघ ओढली, धावपट्टीची. मग तिच्या अलीकडे वळणाची. इंद्रभान खाटेवरून उतरून त्यांच्याजवळ बसला. "नाही, मी इथं नव्हतो," तो म्हणाला आणि डाव्या हाताच्या बोटाने वळण पुसून थोडं मागे काढलं. शेषरावांनी मान हलवली, पुन्हा विचारलं, पुन्हा काढलं. शालूबाई दोनदा बाहेर येऊन आत गेल्या. परतीची पाचची गाडी भोंगा वाजवत स्टँडवरून निघून गेली, तेव्हा ते दोघेही अजून मातीवर वाकून बसले होते.